मामांना न पटणाऱ्या सीनऱ्या

जगातल्या सुंदर जागांचा मनापासून अपमान करणारा माणूस आजवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघाला. आमच्या हिचे सख्खे मामा. स्वित्झर्लंडला ते कधी गेले नाहीत आणि जाणारही नाहीत, पण स्वित्झर्लंडवर त्यांचा जेवढा राग आहे तेवढा भावाने बांध कोरला तरी माणसाला येत नाही. बर्फाचे डोंगर, खाली निळंशार तळं, तळ्याकाठी लाल छपराचं घर आणि पाण्यात त्या घराची पडछाया, ही सीनरी तुम्ही पाहिलीच असेल. दवाखान्यात, पतपेढीत, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरच्या खोलीत ती असतेच. आपण तिच्याकडे बघत आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतो. मामा तिच्याकडे बघतात आणि त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहते. जव्हारच्या एका दवाखान्यात त्यांनी उठून ती भिंतीकडे तोंड करून टांगली आणि मग रक्तदाब मोजायला दंड पुढे केला. डॉक्टरांनी आकडा बघून गोळी वाढवायची म्हटलं. मामा म्हणाले, "गोळी नको. ते तळं काढा."

अशा माणसाने जुन्या छापील सीनऱ्यांची पारख करण्याचा उद्योग धरावा हा त्याच्या स्वभावाचा दोष, आणि तो माझ्या दुकानात बसून करावा हा माझ्या नशिबाचा. जव्हारच्या बाजारात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, निवृत्तांची मानपत्रं यांवर माझं बरं चाललं होतं. मग कुठून तरी 'व्हिंटेज'ची साथ आली. धबधबे बघायला येणाऱ्यांसाठी ज्यांनी रिसॉर्ट बांधले आणि मुंबईत ज्यांनी मोठाले फ्लॅट घेतले, त्यांना भिंतीवर जुन्या सीनऱ्या हव्या झाल्या. नवी कोरी नको. पिवळी पडलेली, सागवानी चौकटीतली, जमल्यास थोडी कसर लागलेली. जव्हार पडलं संस्थानी गाव. कुणाच्या पणजोबांनी हौसेने दिवाणखान्यात लावलेल्या असल्या सीनऱ्या माळ्यांवर धूळ खात होत्या, त्या खाली उतरल्या आणि माझ्या काउंटरवर आल्या. आता यातली खरी जुनी कुठली आणि गेल्या महिन्यात छापून चहाच्या पाण्यात बुडवलेली कुठली, हे सांगणारं कुणी तरी हवं होतं. हिने मामांचं नाव सुचवलं. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

मामा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत ज्यावर मामांची मोजणीची साखळी पडली नाही असा डोंगर शोधून सापडायचा नाही. नकाशातली बारीक रेघ वाचायचं पितळी भिंग त्यांच्यापाशी होतंच. तेच सीनरीला लावून ते आधी शहाण्या माणसासारखं काम करतात. रंगात ठिपक्यांची जाळी दिसली की मशीनची छपाई, दगडावरून छापल्याचा रवा दिसला की जुनी. मग चौकट उलटी करून मागचे खिळे बघायचे, पाठीचा पुठ्ठा हुंगायचा. इथवर सगळं ठीक. इथे थांबले असते तर आज माझ्या दुकानाला दुसरा गाळा असता. पण चित्राची पारख झाली की मामा चित्रातल्या जमिनीची पारख सुरू करतात. बर्फाच्या डोंगरांवरून बोट फिरवत म्हणतात, "हा सगळा पोटखराबा." पोटखराबा म्हणजे पिकाच्या उपयोगाची नाही अशी जमीन, सातबाऱ्यावर हा शब्द ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो ऐकून काय वाटतं ते ठाऊक आहे. मग त्या लाल छपराच्या घराकडे वळायचं. "याच्या दारापर्यंत वाट कुठंय? पावसाळ्यात आजारी माणूस झोळीत घालून न्यायचा झाला तर कुठून नेणार? बाई पाण्याला उतरते कुठून?" समोर उभं असलेलं गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघतं. मी छताकडे बघतो.

आणि पाणी. सीनरीत पाणी दिसलं की मामा माणसांत राहत नाहीत. डोंगराच्या थेट टोकावरून धबधबा कोसळतोय अशी एक सीनरी एका रिसॉर्टवाल्याने आणली होती. चौकट सुरेख, छपाई जुनी, काचही मूळची. मामांनी भिंग खाली ठेवलं. "टोकावरून पाणी पडतंय म्हणजे टोकावर काय टाकी बांधलीय? पाणी वरून येतं तर त्याच्याही वर काही तरी लागतं ना?" रिसॉर्टवाला म्हणाला, "काका, डेकोरेशनसाठी आहे." झालं. मामा तासभर बोलत राहिले. जिथे प्यायला पाणी नाही तिथे भिंतीवर पाणी लावतात, जिथे प्यायला आहे तिथे न्हाणीघरातसुद्धा लावतात, हा कुठला धंदा, असा एकूण रोख होता. रिसॉर्टवाला कधी निघून गेला ते त्यांना कळलं नाही. मला कळलं, कारण तो माझं गिऱ्हाईक होता.

किंमत विचारली तर ती मामा रुपयांत सांगत नाहीत. धान्य मोजायच्या पायलीत सांगतात, आणि तीही नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या. "दोन पायली. त्यातली एक चौकटीची." मुंबईची एक डेकोरेटर बाई मोठी हौशी, इंग्रजीत वही भरत बसलेली, तिने 'पायली' हे कुठलं तरी जुनं परदेशी चलन समजून फोनवर शोधलं. सूर्यास्ताच्या, नारळीच्या झाडांच्या एका सीनरीला त्यांनी "मूठभर, तीही किडकी" असा भाव दिला. ती सीनरी विकायची नव्हती. ती माझ्या घरातली होती, आमच्या लग्नात आलेली. मामा जेवायला बसले, वर बघितलं, आणि हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या घरात दोन सूर्य आहेत. झाडांची सावली एकीकडे आणि होडीची दुसरीकडे. यात पोरं वाढवलीत?" लग्नाला वीस-बावीस वर्षं होत आली होती, मला ती सावली कधी दिसली नव्हती. त्या दिवसापासून दुसरं काही दिसत नाही. शेवटी सीनरी काढून टाकली. भिंतीवर तिचा चौकोन अजून आहे, आणि जेवताना मी त्या चौकोनावरच रागावतो.

तर असा हा माणूस. म्हणूनच एका चैत्राच्या अखेरीस, माळ्यावरून उतरलेली एक तपकिरी सीनरी मी त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांनी तिच्यात एकही चूक काढली नाही, तेव्हा मी आधी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. दोन उंचवट्यांचा एक डोंगर, पायथ्याशी पाचसहा झोपड्या, आणि डोंगराच्या डाव्या कुशीतून निघून दगडी कुंडात पडणारा झरा. वाट होती, सावल्या एका बाजूला होत्या, पाणी उतारानेच चाललं होतं. मामांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हटलं, "मामा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "इथं मी गेलोय."

त्यांच्या मते तो मोखाड्यातल्या सूर्यमाळच्या अंगाचा, एका पाड्यामागचा डोंगर होता. तरुणपणी तिपाईवर मोजणीची फळी मांडून त्यांनी तो इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटूनही काढला असता. त्या पाड्यावर फाल्गुन संपला की विहीर तळाला जाते. बाया दरीत उतरून झिरपणीचं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात आणि एरवी टँकरची वाट बघतात. मामांनी त्या जागेच्या शेऱ्यात स्वतःच्या हाताने 'पाणी नाही' असं लिहिलं होतं, आणि माझ्या मते तेच त्यांच्या घशात आयुष्यभर अडकलं होतं. "संस्थानच्या काळात कुणी गोरा साहेब शिकारीला आला असेल, त्याने काढलं. झरा होता, जावईबापू. दरड येऊन गाडला गेलाय. वर नुसती माती आहे."

मी चित्र नीट पाहिलं. म्हटलं, "मामा, झोपड्यांना धुराडी आहेत."

"गोऱ्याला धुराड्याशिवाय घर सुचतच नसेल."

"बायांच्या डोक्यावर टोप्या आहेत."

"इरली असतील, पावसात डोक्यावर घेतात ती."

"ही झाडं सुचीपर्णी आहेत. मोखाड्यात?"

"छापणाऱ्याचा हात," मामा म्हणाले, आणि पाड्यावर न्यायला सीनरी चादरीत गुंडाळू लागले. होडीच्या सावलीवरून ज्याने माझा संसार मोडीत काढला होता, तो माणूस धुराडी माफ करत होता. मला इतका राग आला की मी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी जाऊन हिच्यावर ओरडलो. ही म्हणाली, "एकटे जातील ते. तुम्ही सोबत जा."

जीपने गेलो. वैशाखाचं ऊन असं होतं की जीपच्या दाराला हात लावता येईना. पाड्याच्या विहिरीभोवती हंडे-कळश्या मांडून बाया बसल्या होत्या. टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो आणि मग सगळ्या एकदम दोर टाकतात. मामांना बऱ्याच जणांनी ओळखलं. मोजणीवाले दादा. त्यांनी चादर सोडून सीनरी उभी केली, तशी सोनीबाय नावाची एक म्हातारी पुढे आली. तिने चित्र बघितलं, मागे वळून डोंगर बघितला.

"डोंगूर आपलाच हाय," ती म्हणाली. "माझी झोपडी नाय दिसत कुठं."

"तुझ्या आजीच्याही आधीचं आहे हे."

"मंग ही आजीची आजी आसंल," टोपीवाल्या बाईवर बोट ठेवून ती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. पण हसता हसता त्यांचे डोळे त्या दगडी कुंडावरच होते, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून खणायला सुरुवात झाली. वीटभट्ट्यांवरून नुकते परतलेले गडी, बाया, सगळा पाडा लागला. पहिली कुदळ मामांनी मारली आणि कमरेत उसण भरून तिथेच बसले, पण हटले नाहीत. दगडावर सीनरी टेकवून ठेवलेली, एक डोळा तिच्यावर, एक खड्ड्यावर. "डावीकडे घ्या. आणखी डावीकडे." माती संपली, मुरूम लागला, मुरूम संपला आणि काळा कातळ लागला. मामा म्हणाले कातळाच्या फटीतूनच येतं. मी दिवसाआड जव्हारला दुकानात जायचो आणि परत यायचो, आणि येताना प्रत्येक वळणावर मामांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. एका फसव्या छापील कागदापायी हाडं मोडून घेत होती ती माणसं, आणि मोडायला लावणारा आमचा होता.

मग दुकानात पुरावाच चालून आला. डेकोरेटर बाईने दुरुस्तीला एक सीनरी पाठवली होती. तोच डोंगर, त्याच झोपड्या, तोच झरा. फक्त सगळं उलटं, आरशात बघावं तसं. झरा उजव्या कुशीत. आणि खाली कुठल्या तरी परक्या भाषेत बारीक अक्षरांत गावाचं नाव. ते मला वाचता आलं नाही, पण ते मोखाड्यातलं नव्हतं एवढं कळायला वाचावं लागत नाही. मी ती सीनरी तशीच उचलली आणि जीप करून पाड्यावर गेलो. सगळ्यांसमोर मामांच्या पुढ्यात ठेवली. "हे घ्या. युरोपातलं गाव आहे. दिवाणखान्यात टांगायला हजारोंनी छापलेलं. बास करा आता."

मामांनी दोन्ही सीनऱ्या शेजारी शेजारी लावल्या. भिंग काढलं. खालच्या अक्षरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा चेहरा उजळलेला. "छापायच्या दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. दुसऱ्याचं बघून जसंच्या तसं काढलं की छापताना उलटतं. आपली सीनरी नक्कल आहे, जावईबापू. ही मूळ." आणि उठून उभे राहिले. "आपण चुकीच्या बाजूला खणतोय."

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. या लोकांची थट्टा लावलीय, भोळ्या माणसांना पाण्याच्या नावाने राबवताय, उद्या हे तुमच्या तोंडावर थुंकतील, असं पुष्कळ बोललो. सोनीबाय हातातली पाटी ठेवून माझ्यापुढे आली.

"आरडू नका, भाऊ. टँकरवाला सांगतो उद्या येतो, तं आमी दोन दोन दिस हंडं घेऊन बसतो. तवा कोनी आरडायला येत नाय. साहेब येतात, नळ येनार सांगतात, फोटो काढतात. तवा बी नाय. हा म्हातारा आमच्यासंगं उनात बसलाय, तं याच्यावरच तुमी आरडता." तिने पाटी परत उचलली. "दुसऱ्या अंगाला कातळ उशिरा लागंल. चला रं."

राग मला अजून होताच. पण तो आता मामांवर राहिला नव्हता. मी सदरा काढला आणि घमेली वाहायला लागलो.

दुसऱ्या अंगाला कातळ खरंच उशिरा लागला. पण लागलाच. त्यावर कुदळ वाजली तो आवाज ऐकून गडी एकेक करून वर आले आणि घाम पुसत सावलीला बसले. मामा खड्ड्यात उतरले, कातळावर हात फिरवला. सोनीबायपुढे येऊन त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. तुमी च्या घ्या." दरीतून आणलेल्या पाण्याचा चहा होता तो. मामांनी कप घेतला, पण त्यांना तो पिववेना. कप तिने परत घेतला नाही, शेजारी उभी राहून चहा संपवायला लावला.

परतीच्या वाटेवर एका वळणावर झाडी उघडते आणि खाली धरणाचं पाणी दिसतं. मामांनी जीप थांबवायला सांगितली. संध्याकाळची वेळ. निळं पाणी डोंगरांच्या कुशीत पार आतवर गेलेलं, काठाची झाडं पाण्यात उलटी दिसत होती. मामा जीपच्या खिडकीतून बघत राहिले. खरं तर त्या पाण्याखालची जमीनही त्यांनीच मोजली होती. आता ते पाणी नळाने मुंबईला जातं आणि वर पाड्यावर टँकर चढतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी वाट बघत होतो, आता हे भडकणार. भडकावेत असंच वाटत होतं. मामा शांतपणे म्हणाले, "सावल्या बरोबर आहेत. पाणी उताराला आहे. वाटही आहे. या सीनरीत चूक काढायला जागा नाही." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

त्यानंतर मामा रागवायचे थांबले. दुकानात येत, भिंग लावत, जुनी का नवी एवढं सांगत, आणि किंमत चक्क रुपयांत. स्वित्झर्लंडचं तळं आलं तर म्हणाले, "छान आहे. पाणी भरपूर आहे." गिऱ्हाइकं खूश झाली. दुकान चांगलं चालायला लागलं. आणि मी घरी येऊन जेवायचं सोडून येरझाऱ्या घालायला लागलो, कारण हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत संपत चालला होता आणि डॉक्टर म्हणत होते, रक्तदाब अगदी उत्तम आहे. ज्यांनी रागवायला हवं ते सगळे थंड बसले होते, निदान एक तरी म्हातारा त्यांच्या वाटचं रागावत होता. त्याचंही तोंड एका कातळाने बंद केलं.

दिवाळी झाल्यावर जीपवाल्याबरोबर सोनीबायचा निरोप आला. दोन्ही खड्ड्यांत पावसाचं पाणी साठलं होतं. एक लगेच आटला, पण दुसऱ्या अंगाचा अजून धरून होता. गुरं तिथेच पाणी पितात, बाया धुणं धुतात. दादांना सांगा, तुमचा झरा दिवाळीपातूर टिकला.

मी मामांना सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. कपाळावरची शीर हळूहळू वर आली. "दिवाळीपातूर? दिवाळीपर्यंत टिकतं त्याला झरा म्हणतात? आणि होळीनंतर काय करायचं त्यांनी? तोंडं बांधून बसायचं?" ते उठले, दुकानभर फिरले, समोर बसलेल्या डेकोरेटर बाईला त्यांनी सगळ्या मुंबईचा जाब विचारला. बाई घाबरून निघून गेली. मी काउंटरवर हात ठेवून नुसता ऐकत होतो, आणि माझे डोळे का भरून येतायत ते हिला नंतर समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले.

आता पुन्हा वैशाख आहे. तो खड्डा होळीच्या आधीच आटला आणि विहिरीभोवती हंडे मांडलेले आहेत. मामांचे गुडघे धरलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली आहे. काल ते म्हणाले, कातळ फोडता आला तर होळीनंतरचे आठ-पंधरा दिवस निघतील, तेवढं तर तेवढं. मी म्हटलं, तुमचं वय काय, तब्येत काय, काही समजतं का तुम्हाला? पुष्कळ रागावलो. मग बाहेर येऊन जीपवाल्याला फोन केला, आणि सकाळी लवकर ये म्हणून सांगितलं.